तळ्याच्या वाट्याचे नऊशे मासे

सकाळी सहाला मी मेलेले मासे काढत होतो. आमच्या केंद्रात सिमेंटच्या लांब आठ नाळी आहेत. झऱ्याचं पाणी एका टोकाने येतं आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी जाळीतून निघून जातं. रात्रीत मेलेला मासा वाहत येऊन त्या जाळीला चिकटतो. तो हातजाळ्याने उचलायचा, बादलीत टाकायचा आणि किती निघाले ते पाटीवर लिहायचं. फेब्रुवारीत जाळ्याच्या दांड्यावर बर्फ धरतो. हातमोजे ओले झाले की बोटं लाकडासारखी होतात. तेवीस वर्षं मी हे करतो आहे. त्याआधी इंदापूरकडे मत्स्यबीज केंद्रात अकरा वर्षं बोटुकली मोजली. माझ्या बायकोला, नंदाला, इकडे परदेशात स्टेट कॉलेज नावाच्या गावी युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. मला येत होतं ते काम तिथून चाळीस मिनिटांवर मिळालं. मासा वेगळा, पाणी गार, बाकी सगळं तेच.

डेल क्रायडर आला. तो आमचा मॅनेजर. बोलायच्या आधी टोपी काढून डोकं खाजवायची त्याला सवय आहे. त्याने टोपी काढली तेव्हाच मला कळलं, काहीतरी वाईट आहे.

"क्रिस, यादी आली," तो म्हणाला. कृष्णाचा क्रिस त्यानेच केला. "बघून घे. गाडीच्या फेऱ्या तुलाच लावायच्यात."

आमची असोसिएशन दर वर्षी अठरा हजार ट्राउट वाढवते आणि खोऱ्यातल्या पाण्यांमध्ये वाटते. पाणी तीन तऱ्हेचं. एक, खुले ओढे. तिथे कुणीही यावं आणि दिवसाला पाच मासे घरी न्यावेत. दुसरा, खास पट्टा. तिथे फक्त फ्लाय, म्हणजे पिसांची खोटी माशी बांधलेला गळ चालतो आणि धरलेला मासा परत सोडायचा. मोठे मासे आणि सोनेरी मासे तिथेच जातात. तिसरं, हार्लन तळं. तिथे लाकडी धक्का आहे, चाकाची खुर्ची टोकापर्यंत जाते. म्हातारे, आजारी, लहान मुलं यांच्यासाठी ते ठेवलेलं. त्याच्या वाट्याला नऊशे मासे, तीन फेऱ्यांत.

यादीत तळ्यापुढे शून्य होतं. खास पट्ट्यापुढे मागच्या वर्षीपेक्षा नऊशे जास्त होते.

"हे चुकलंय," मी म्हणालो.

"चुकलं नाही. माणसं कमी पडली. सरासरी आठ लागते, तळ्याची सहा आली."

"कुणी मोजली?"

डेलने टोपी परत घातली. "तूच मोजतोस ना तिथे," तो म्हणाला आणि ऑफिसात गेला.

मी मोजतो हे खरं होतं. एप्रिल-मे महिन्यांत चार शनिवार ठरलेले असतात. सकाळी आठ ते बारा किती माणसं गळ टाकून बसली ते कागदावर लिहायचं. पाच वर्षं तळ्यावर मीच मोजत होतो, कारण तसंही मी तिथेच असायचो. नंदाच्या मणक्यात कॅन्सर उतरला आणि तिची खुर्ची आली, तेव्हापासून शनिवारी मी तिला धक्क्यावर न्यायचो. ती भोयाची पोर, तिला गळ शिकवायला नको होता. ट्राउट तिला आवडायचा नाही. "याला वासच नाही," म्हणायची. "पाण्याचा तुकडा खाल्ल्यासारखं वाटतं." पण धरायची, घरी विळीवर चिरायची, हळद-तिखट लावून तळायची आणि पुढच्या शनिवारी डबा करून मार्लीनला द्यायची.

मार्लीन म्हणजे तळ्यामागच्या ट्रेलरमध्ये राहणारी बाई. नाकात ऑक्सिजनची नळी, चाकावर सिलेंडर. तीस वर्षं काचेच्या कारखान्यात होती, तिथेच फुप्फुसं गेली. तिच्या जिभेला आवर नाही. पहिल्यांदा नंदाचा मासा खाऊन ती खोकली, नळी काढून नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई, तू मला मारायला आलीस का? अजून दे."

मागच्या एप्रिलमध्ये एका बुधवारी नंदा गेली. मोजणीचा पहिला शनिवार झाला होता, त्या दिवशी मी बारा लिहिले होते. पुढचे दोन शनिवार तेरा दिवसांत आले. मी सुतक पाळलं. हर्नडनहून लेक आली होती, नेत्रा. ती म्हणत होती, "बाबा, गो आउट फॉर अ व्हाइल. आई वुड वॉन्ट दॅट." पण नंदाच्या आईचा इंदापूरहून फोन आला होता. म्हातारी एवढंच म्हणाली, "तेरा दिवस घरातच बसा. तिचं एवढं तरी करा." मी घरात बसलो. मोजायला दुसरं कुणी पाठवा हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चौथ्या शनिवारी गेलो तेव्हा तेरा माणसं होती.

बारा, मग दोन कोऱ्या जागा, मग तेरा. कुणीतरी कोऱ्या जागांना शून्य धरलं होतं. कुणी, तेही मला माहीत होतं.

*

राजेश पुण्याचा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, घरूनच काम करतो. चार वर्षांपूर्वी त्याला फ्लायचा नाद लागला आणि खास पट्ट्याच्या क्लबात तो शिरला. असोसिएशनच्या कमिटीवर गेला. वाटपाचा हिशोब पूर्वी डेल कागदावर करायचा, तो राजेशने कॉम्प्युटरवर आणला.

रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको वीणा हिने दार उघडलं. "या काका, चहा घेणार ना?" गॅरेजमध्ये राजेश टेबलावर बसून पिसं आणि दोरा घेऊन फ्लाय बांधत होता. भिंतीवर सात गळ ओळीने लावलेले. छातीपर्यंतचे रबरी बूट हँगरला टांगलेले. त्यांना चिखलाचा डाग नव्हता.

"तळ्याचं शून्य तू टाकलंस?" मी विचारलं.

"काका, बसा तरी."

"टाकलंस का?"

"मी नाही टाकलं. सेल ब्लँक असला की फॉर्म्युला झीरो घेतो. तो डिफॉल्ट आहे."

"तुला माहीत होतं मी का गेलो नाही."

तो दोऱ्याला गाठ मारत राहिला. त्याला माहीत होतं, कारण त्या दोन शनिवारांपैकी पहिल्या शनिवारी तो आणि वीणा माझ्या घरी बसले होते. वीणाने पिठलं-भात आणला होता. राजेशने दहा वाजता येऊन एक वाजेपर्यंत माझ्या शेजारी सोफ्यावर बसून फोन बघितला होता. मी तळ्यावर नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"यार काका, मी त्या दिवशी डेटाचा विचार करत होतो का?"

"आता कर."

"आता फ्रीझ झालंय. मीटिंगला मांडा हवं तर. पण मी सांगू का, इमोशनली नका घेऊ. तळ्यातला मासा दोन आठवड्यांत संपतो. दहा-बारा म्हातारी येतात, मारतात, खातात. आमच्याकडे एकच मासा सीझनभर वीस वेळा धरला जातो. पर फिश व्हॅल्यू बघा ना."

वीणा चहा घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं. कप माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. चहात आलं होतं. कप तसाच पिसांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. मागून राजेश म्हणाला, "काका, गैरसमज नको हां."

*

मीटिंग अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये भरते. दुपारी दोन वाजता, घडीच्या खुर्च्या, पातळ कॉफी आणि साखर लावलेले डोनट. कमिटीत सात जण, डेल त्यांतलाच एक. अध्यक्ष व्हिटमर नावाचा दातांचा डॉक्टर, क्लबाच्या लॉजचा मालक तोच.

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. नाळीवर भागतं, हॉलमध्ये भागत नाही. मी कागदावर चार वाक्यं लिहून नेली होती. उभा राहिलो तर माझंच अक्षर लागेना, म्हणून कागद खिशात घातला. म्हणालो, दोन शनिवार मी मोजलं नाही. माझी बायको मेली. आमच्यात तेरा दिवस घर सोडत नाहीत. त्या दोन दिवशी शून्य माणसं नव्हती, शून्य मोजणारे होते. बारा आणि तेराची सरासरी काढा.

व्हिटमरने चष्मा काढला. "क्रिस, तुझ्या दुःखात आम्ही सगळे आहोत," तो म्हणाला. "आपण एक मिनिट उभं राहू या."

सगळे उठले. माना खाली घातल्या. एकाच्या मिशीला साखर लागलेली होती. राजेशने हात जोडले होते. राजेश आणि डेल सोडले तर त्या हॉलमधला एकही जण नंदाशी कधी एक शब्द बोललेला नव्हता. मिनिट संपलं तशी खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला. व्हिटमरने चष्मा घातला आणि म्हणाला, "नियमाप्रमाणे चार मोजण्या हव्यात. दोनवर पाण्याचा वाटा ठरवता येत नाही. यादी आहे तशी ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सहा हात वर झाले. डेलने हात वर केला नाही, विरोधही केला नाही. टोपी घेऊन बसला.

"या वर्षी नीट मोज," व्हिटमर मला म्हणाला. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "चांगले आकडे आले तर पुढच्या वर्षी तळं आपोआप यादीत येईल."

पार्किंगमध्ये डेलने मला गाठलं. "काही बोलू नकोस," मी त्याला म्हणालो.

"बोलत नाहीये."

"मग हात का नाही वर केलास? इकडे तरी, तिकडे तरी."

"सहा वर्षांत रिटायर होतोय, क्रिस," तो म्हणाला.

*

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खास पट्ट्याची पहिली फेरी लागली. दोन दिवस माशांना खाद्य बंद ठेवलं, म्हणजे टाकीतलं पाणी घाण होत नाही. पहाटेपासून मी आणि डेलने जाळ्याने मासे उचलले, वजन केलं, गाडीवरच्या टाक्यांत भरले. मोठा मासा दोन-दोन किलोचा. सिमेंटला घासून घासून त्यांचे कल्ल्यांमागचे पर झिजलेले असतात, बोटाच्या खुंटासारखे दिसतात. तळ्याच्या वाट्याच्या नऊशेंतलेही काही त्याच टाक्यांत होते. मी त्यांना ओळखत होतो असं नाही, मासा माशासारखाच दिसतो. पण ते पाचव्या नाळीतले होते आणि पाचवी नाळ दर वर्षी तळ्याचीच असायची.

लॉजसमोर क्लबाची माणसं जमली होती. बूट, टोप्या, गळ्यात कात्र्या. मासे ओढ्यात लांबवर पसरून सोडायचे असतात, शंभर पावलांवर एक बादली. बादली वीस किलोची होते, दगड निसरडे, पाणी मांडीपर्यंत. मी दोन बादल्या घेऊन वरच्या अंगाला निघालो तर एक जण म्हणाला, "इथेच ओत रे, पुलाखाली. लॉजमधून दिसतात मग."

मी डेलकडे बघितलं. डेल गाडीचा व्हॉल्व्ह बघत होता.

पुलाखाली ओतले. पाणी काळं झालं इतके मासे. एकाच डोहात साडेतीनशे. बिचारे दमलेले, एकमेकांवर चढत होते. अजून आम्ही रिकाम्या बादल्या चढवत होतो तेवढ्यात गळ पडायला लागले. राजेशला पहिल्याच फेकीत सोनेरी मासा लागला. त्याने तो पाण्याबाहेर काढला, दोन्ही हातांत धरला, एक फोटो, मग उन्हाकडे तोंड करून दुसरा. मासा तोंड उघडझाप करत होता. "काका, जरा घ्या ना एक," म्हणून फोन त्याने माझ्यापुढे धरला. माझे हात बादलीत होते. मी ते बाहेर काढले नाहीत. मग दुसऱ्याने फोटो काढला. मासा सोडला तेव्हा तो आडवा झाला आणि पांढरं पोट वर करून पुलाखालून वाहत गेला.

"ही विल रिव्हाइव्ह," राजेश म्हणाला.

निघताना खालच्या वळणावर गाडी थांबवली. झाडाच्या मुळ्यांना सात मासे अडकले होते, चार सोनेरी. ओठ फाटलेले. खायला कुणी नेणार नव्हतं, तिथे तसा नियमच आहे. मी ते उचलून रिकाम्या बादलीत टाकले. केंद्रात पाटीवर लिहायला जागा नव्हती, कारण नाळीतले मेलेले लिहायचे असतात, ओढ्यातले नाही. खड्ड्यात पुरले. दिवसभर हाताला वास होता. हा वास मला चौतीस वर्षं आहे, कधी किळस आली नाही. त्या दिवशी जेवताना आली. भात कालवलेला तसाच टाकला.

*

तळ्याचा रस्ता माझ्या घराच्या वाटेवर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्लीन धक्क्यावर दिसली. सिलेंडर शेजारी, मांडीवर घोंगडी, गळ तयार करत बसलेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी गाडी लावून गेलो.

"गाडी कधी येतेय?" तिने विचारलं.

"येणार नाही."

मी तिला सगळं सांगितलं. दोन शनिवार, कोरी जागा, शून्य, मीटिंग. माझ्यामुळे झालं हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि नळीतून श्वास ओढत होती.

"त्या दोन्ही शनिवारी मी इथे होते," ती म्हणाली. "पहिल्या शनिवारी चौदा जण होतो. तू आला नाहीस म्हणून आम्ही समजलो, नंदा गेली."

मी तिची घसरलेली घोंगडी मांडीवर नीट केली.

"चौदा," ती परत म्हणाली. "आणि त्या हरामखोरांनी शून्य लिहिलं?"

"आता या वर्षी नीट मोज म्हणतात. आठच्या वर सरासरी आली तर पुढच्या वर्षी मासे मिळतील."

मार्लीन हसली. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मी सिलेंडरची चावी थोडी वाढवली. "म्हणजे मासा नाही म्हणून माणूस येणार नाही," ती म्हणाली, "आणि माणूस आला नाही म्हणून मासा येणार नाही. कुणी शिकवलं रे यांना? क्रिस, तू काय मोजतोस? कागदावर काय लिहिलंय, नीट सांग."

कागद गाडीतच होता. आणून वाचला. पाण्यात गळ टाकून बसलेल्या व्यक्तींची संख्या.

"मासा पाहिजे असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग झालं," ती म्हणाली.

*

पहिल्या शनिवारी अकरा जण आले. दोन वॉकर घेऊन, एकाला त्याच्या सुनेने आणलं, तीन मुलं शाळेतल्या बाईंबरोबर. तळ्यात एक मासा नव्हता. होते ते बेडूक. सगळ्यांनी गळ टाकले आणि आठ ते बारा बसून राहिले. मुलं अर्ध्या तासात कंटाळली, तेव्हा मार्लीन ओरडली, "दोरी पाण्यात ठेवा! खेळायचं ते दुसऱ्या हाताने खेळा!" मी अकरा लिहिले. दुसऱ्या शनिवारी तेरा. तिसऱ्या शनिवारी पाऊस आणि वारा, तरी नऊ. ओल्या घोंगड्या घेऊन माणसं बसली होती. गिऱ्हाइकाशिवाय दुकान उघडून बसावं तशी. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एवढ्या म्हाताऱ्या, मोडलेल्या माणसांना रिकाम्या पाण्यात गळ टाकून बसायला लावायचं, कशासाठी, तर लॉजमधल्या लोकांना पटावं म्हणून की ही माणसं आहेत.

चौथ्या शनिवारी राजेश आला. आकडे कमिटीला विचित्र वाटले होते. मासे नसलेल्या तळ्यावर माणसं कशी, म्हणून पडताळणीला त्याला पाठवलं. नवीन जॅकेट, पायात स्वच्छ बूट. धक्क्यावर येऊन उभा राहिला. पारा चारवर होता, बारीक भुरभुर चालू होती.

"काका, हे काय आहे?" तो हळूच म्हणाला. "इथे फिश नाहीये."

"नाही."

"मग हे लोक काय करताहेत?"

"विचार त्यांना."

तो मार्लीनपाशी गेला. वाकून, लहान मुलाशी बोलावं तसा तिच्याशी बोलला. काही लागलं का आज?

"तू मासे मोजायला आलास की माणसं?" तिने विचारलं.

"माणसं."

"मग मोज. मी एक. हळू मोज, तुझं चुकतं म्हणे."

धक्क्यावरची दोन म्हातारी हसली. राजेशचा चेहरा लाल झाला. तो टोकापर्यंत गेला आणि परत आला, ओठ हलत होते. मी त्याच्यापुढे कागद धरला. चौदा लिहिलेले होते.

त्याने कागद घेतला नाही. खिशातून फोन काढला. "काका, अॅक्च्युअली ही फार ब्युटिफुल स्टोरी आहे," तो म्हणाला. "मासा नाही, तरी लोक येतात. होप वगैरे. क्लबच्या न्यूजलेटरला घेऊ या. डोनेशनसुद्धा येईल. मॅडमचा एक फोटो घेतो, नळीसकट." आणि त्याने फोन मार्लीनकडे वळवला.

मी त्याच्या आणि तिच्या मध्ये उभा राहिलो. माझ्या अंगाला नाळीचा वास होता. तो एक पाऊल मागे सरकला.

"फोटो नाही," मी म्हणालो. "सही कर."

"काका, चिडू नका, मी तर हेल्पच..."

"माझ्या घरी बसून तू तीन तास फोन बघितलास, राजेश. तेव्हा तुला मी दिसलो नाही. आता यांना तरी बघ आणि सही कर."

मराठीत बोललो, पण सगळे वळून बघत होते. राजेशने पेन मागितलं. मी दिलं. त्याने कागद कठड्यावर ठेवून सही केली, तारीख घातली. पावसाचा थेंब पडून तारखेची शाई थोडी पसरली. "सरासरी अकराच्या वर जाते," तो म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी. "पुढच्या वर्षी येईल यादीत. ऑटोमॅटिक आहे ते." मग तो गाडीकडे गेला. चालताना बूट गवताला पुसत होता.

अकरा वाजायला दहा मिनिटं होती. मोजणी बारापर्यंत असते. सही झाली होती, आता कुणी उठून गेलं असतं तरी चाललं असतं. मी तसं मार्लीनला सांगितलं.

"बारा म्हणजे बारा," ती म्हणाली. "तो कोपऱ्यावर गाडी लावून बघत असेल."

तिची बोटं गारठली होती, गळाची दोरी गुंडाळता येत नव्हती. मी ती तिच्यासाठी ओढली, आकडा रिकामाच होता, परत पाण्यात टाकली. बाकीच्या तेरा जणांच्या दोऱ्या पाण्यात आहेत का ते बघत एकदा टोकापर्यंत जाऊन आलो. होत्या. बारा वाजेपर्यंत कुणी उठलं नाही.